मापाचं पान

५ जानेवारी

धाकटे,

आधी सगळ्यांची हजेरी घेते, मग बाकीचं. आमच्या जावईबापूंचा, लिफ्टवाल्यांचा, खांदा कसा आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टखाली मान वाकडी करून पाना फिरवायचा म्हणजे खांदा कुरकुरणारच. त्यांना म्हणावं, तुमच्या सांध्यांनाही थोडं तेल घाला, सगळं लिफ्टलाच नको. भिंगरीचा खोकला थांबला का? परीक्षा जवळ आली की तुझ्या त्या लेकीला खोकला होतो, हे मी ती पहिलीत असल्यापासून बघतेय. तुझ्या बाइंडिंगखान्याच्या मालकीणबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? आणि तिथली ती तुझ्या जोडीची चष्मेवाली, तिची आई अजून अंथरुणावरच का गं? तुमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांना ऐकायचं यंत्र मिळालं म्हणत होतीस, आता ते तरी हळू बोलतात का? सगळ्यात शेवटी तू. तुझं शेवटी विचारते, कारण तू 'मी बरी' एवढंच लिहून मोकळी होतेस.

इकडे तुझ्या भावोजींचे गुडघे जिना चढताना आपसात भांडतात. माझं शिवणकाम निम्म्यावर आलंय. लोक कपडे तयार आणतात, माझ्याकडे येतात ते उंची कमी करायला आणि कंबर वाढवायला. कंबरच जास्त.

सगळ्यांना आशीर्वाद.
तुझी ताई

(आतलं, शिवलेलं पान)

वरचं पान टेबलावर मोठ्याने वाचून झालं असेल आणि लिफ्टवाले हे तुझ्याकडे सरकवत म्हणाले असतील, 'घ्या, तुमचं मापाचं पान.' म्हणू देत. घरात आलेलं पत्र सगळ्यांसमोर वाचायचं हा बाबांचा कायदा. लग्न होऊन इकडे आल्यावर मी पहिल्यांदा तुला एक पान घडी घालून, तीन बाजूंनी टाके मारून पाठवलं, तेव्हा बाबांनी विचारलं होतं, 'हे काय?' तू अकरा वर्षांची टिकलीएवढी पोर, जराही न डगमगता म्हणालीस, 'बायकांची मापं आहेत.' बाबांनी ते पान इंगळी चावेल अशा बेतानं दोन बोटांनी ढकललं. अडतीस वर्षं झाली. तुझ्या घरात नाही, माझ्या घरात नाही, एकाही पुरुषानं त्यातला टाका उसवला नाही.

तर आता माप दे. मागचं पत्र चार ओळींचं होतं, आणि प्रत्येक ओळ शेवटाला खाली घसरलेली. फोनवर तुझ्याकडून काही निघत नाही, दोन खोल्यांत तिघं असल्यावर निघणार तरी कसं? काय झालंय? मला लिही.


१९ जानेवारी

ताई,

(आतलं पान)

वरच्या पानावर जे लिहिलंय ते सगळं खरं आहे, माझ्याबद्दलचं सोडून.

मी झोपत नाही. अकराला डोळा लागतो आणि अडीचला पोटात कुणी शेगडी पेटवल्यासारखी जाग येते. ती आच छातीवर, मानेवर, मग थेट डोक्यात. केस भिजतात, गाऊन पिळून काढावा असा होतो. पाच मिनिटांनी थंडीनं दात वाजायला लागतात. मग उजाडेपर्यंत मी आणि छत. पाळीनं पाच महिने तोंड दाखवलेलं नाही, तेव्हा हे वयाचं असेल हे मला कळतं. पण माझ्या या रागाचं काय?

परवा लिफ्टवाल्यांनी चहाचा भुरका मारला. तेवीस वर्षं मारताहेत. मी त्यांच्या हातातून कप काढून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. ते घाबरून म्हणाले, 'साखर चुकली का?' एरवी मी हसून लोटपोट झाले असते. मी न्हाणीघरात गेले आणि टॉवेल तोंडात कोंबून रडले. भिंगरी तर आता मला बघून रस्ता बदलते. घरातल्या घरात.

आणि कामावर. तुला मागे सांगितलं होतं बघ, मोठा छापील कागद घडी घातला की सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळा चौकोन असतो, पुढच्याचा थोडा खाली. सगळे फर्मे क्रमानं लागले की पुस्तकाच्या पाठीवर काळ्या पायऱ्यांचा जिना उतरतो. पायरी गळली म्हणजे पानं गळली. सव्वीस वर्षं मी तो जिना बघते. गठ्ठ्यावरून नुसती नजर फिरवली की मला चुकलेली पायरी टोचते. गेल्या आठवड्यात नर्सिंगच्या मुलींचं पुस्तक होतं. मी तीनशे प्रती पास केल्या. सातवा फर्मा दोनदा, आठवा नाहीच. चष्मेवालीनं पकडलं. म्हणाली, 'बाई, तुम्ही बघत होतात. मी तुम्हाला बघताना बघितलंय.' खरंच बघत होते गं. मला जिना पूर्ण दिसला होता.

म्हणून विचारते, आणि तू मला आडवळणानं उत्तर देऊ नकोस. आई माझ्या वयाची होती तेव्हा तिला काय झालं होतं? मी नऊ वर्षांची होते, मला चौदा महिने मामाकडे ठेवलं. तू म्हणायचीस, मेंदूत ताप गेला. पण मामी एकदा मामाला म्हणाली होती, 'वन्संच्या डोक्यात फरक पडलाय.' मी दारामागे होते. ताई, माझ्याही डोक्यात फरक पडतोय का? बाकी काही नको, एवढं एकच सांग.

धाकटी


१ फेब्रुवारी

(आतलं पान)

अगं वेडे,

वेडी म्हटलं ते लाडानं, लगेच मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या डोक्यात काहीही फरक पडलेला नाही. पडला असता तर इतकं सरळ पत्र लिहिता आलं नसतं. आईला ताप होता. तो डोक्यात गेला आणि अशक्तपणा राहिला, एवढंच. मामीची जीभ कशी होती ते तुला माहीत आहे, तिच्या बोलण्याचं ओझं आता चाळीस वर्षांनी कशाला वाहतेस?

सोबत तीन गाऊन पाठवतेय. जुन्या मऊ सुती चादरींचे आहेत, पाठ पूर्ण उघडी, खांद्यावर फक्त एक बंद. भावोजींनी घडी घालताना विचारलं, 'पाठीमागचं कापड संपलं का?' म्हटलं, हो, महागाई. उशाशी ओला पंचा आणि कोरडा पंचा, दोन्ही ठेव. संध्याकाळनंतर चहा नको. राग आला की खाली जाऊन एक चक्कर मारून ये, पण चप्पल घालून जा, तू रागात अनवाणी निघतेस.

आणि एक मोठेपणानं सांगते, ते ऐक. हे कुणाला सांगत बसू नकोस. घरात नको, मालकीणबाईंना तर नकोच नको. डॉक्टरच्या वाटेलाही जाऊ नकोस. ते गोळ्या देतात, माणूस दगड होतो, आणि एकदा 'हिला झोप येत नाही, ही चिडते' असं कागदावर चढलं की लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागतात. बाईनं ही दोन-तीन वर्षं दात आवळून काढायची असतात. मी नाही का काढली? कुणाला कळलं तरी का?

तू पण काढशील.
ताई


२० फेब्रुवारी

धाकटे,

गाऊन पोचले का? बंद काचत असेल तर सांग. फोन केला तर तू 'मी बरी' म्हणतेस, आणि मागे भांड्यांचा आवाज असतो. पोचल्याची एक ओळ तरी टाक.

ताई


२ मार्च

(पान शिवलेलं, बाइंडिंगच्या जाड दोऱ्यानं, टाके वेडेवाकडे)

ताई,

गाऊन पोचले. पहिला घातला तेव्हा भिंगरी म्हणाली, 'आई, तू मागून शर्यतीतली पोहणारी दिसतेस.' गेल्या दोन महिन्यांत ती माझ्याशी हसून बोलली ते तेवढंच.

तू सांगितलंस तसंच केलं. कुणाला सांगितलं नाही. लिफ्टवाले विचारायचे, 'बरं नाही का?' मी म्हणायची, दमलेय. मालकीणबाईंना म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. इतकं छान लपवलं की पुस्तकांच्या कडा कापायच्या कटिंग मशीनवरून मला हलवावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी मशीनवर मी आणि चष्मेवाली होतो. ती कागदांचा गठ्ठा सारखा करत होती. पायाखालचं पेडल दाबलं की आधी दाबपट्टी खाली येते आणि गठ्ठा आवळून धरते. त्यानंतर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली की पातं. तिचे हात आत असताना मी पेडल दाबलं. 'काढले का?' असं विचारायचं असतं. सव्वीस वर्षं मी ते विचारल्याशिवाय पाय हलवलेला नाही. त्या दिवशी मला वाटलं, मी विचारलं आणि ती 'हो' म्हणाली. मी तो 'हो' ऐकला, ताई. तिनं तोंडच उघडलं नव्हतं.

चार बोटं अडकली. हाडं वाचली, नखं काळी पडलीत. पातं बटणांवर होतं म्हणून, नाहीतर ती बोटं गेली असती. आणि ती बाई मलाच पाणी देत होती! म्हणत होती, 'बाई, बसा, बसा, तुमचे ओठ पांढरे पडलेत.'

मी राजीनामा लिहून दिलाय. महिनाअखेरीपर्यंत मालकीणबाई तो ड्रॉवरमध्ये ठेवणार आहेत. म्हणतात, विचार कर. मी काय विचार करू? माझा विचारच तर बिघडलाय.

हे असंच वाढत जाणार. उद्या घरात सुरी माझ्या हातात असेल आणि समोर भिंगरी असेल. मला स्वतःची खात्री उरलेली नाही. ताई, मी तुझ्याकडे येते. तुझ्या मागच्या खोलीत मला ठेव आणि बाहेरून कडी लाव. जेवण दारातून दे. मी भांडणार नाही. मला काही नको झालंय, झोपसुद्धा नको, फक्त हे थांबायला हवं. खरं सांगू का? माझ्यावाचून या सगळ्यांना बरंच पडेल.

धाकटी


६ मार्च

धाकटे, लिफ्टवाले आणि भिंगरी,

तिघांना एकदम लिहितेय. हे पान शिवलेलं नाही. लिफ्टवाल्यांनी टेबलावर बसून मोठ्यानं वाचायचं आणि शेवटपर्यंत वाचायचं. धाकटे, तू उठून जायचं नाहीस. रागावलीस तरी बसून राग. मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तू 'मी बरी' म्हणालीस, म्हणून हे पत्र टपालात टाकलेलं नाही. तुझे भावोजी स्वतः घेऊन येताहेत, सात तासांच्या बसनं, दोन्ही गुडघ्यांसकट. मी आले असते, पण मला समोर बसून हे बोलता आलं नसतं. लिहितानाच तीन कागद फाडले. आणि अहो, तुम्हाला यातलं काही माहीत नाही. तुम्हालाही तिथेच कळेल.

आईला ताप नव्हता. एक दिवससुद्धा नव्हता.

आई एकोणपन्नास वर्षांची होती आणि झोपत नव्हती. घामानं भिजून उठायची, थंडीत खिडक्या सताड उघडायची, जन्मात कधी आवाज न चढवलेली बाई बाबांवर ओरडायची. एक दिवस तिनं शेजारचे लोक आलेले असताना बाबांच्या अंगावर ताट भिरकावलं. लागलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं. आत्याबाई आल्या. एक डॉक्टर आले, ते आईशी एक शब्द बोलले नाहीत, बाबांशी बोलले, आणि गुंगीच्या गोळ्या लिहून गेले. ठरलं, डोक्यात फरक पडलाय, चारचौघांत शोभा नको. मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवली. धाकटे, तुला मामाकडे धाडलं ते यासाठी.

संध्याकाळी दिवे लागले की ती कडी लावायची असायची. बाबांच्यानं ते होईना. आत्याबाई चार दिवसांत आपल्या घरी निघून गेल्या. मी लावायची. तेवीस वर्षांची घोडी होते, कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चौदा महिने, रोज. वर तिला सांगायची, 'आई, तुझ्याच भल्यासाठी गं.'

लिफ्टवाले, आवाज बसला असेल तर पाणी प्या. पण थांबू नका.

पुढे ते दिवस ओसरले, कुणाच्या गोळीनं नाही, आपोआप. कडी काढली, तुला परत आणलं. सगळे म्हणाले, पूर्वीसारखी झाली. नव्हती झाली. तुला जी गप्प गप्प आई आठवते ती त्या खोलीतून बाहेर आलेली आई. त्याआधी ती भांडी घासताना गायची, बेसूर, मोठ्यानं. तुला ते आठवत नाही. मला आठवतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे, जे मी जानेवारीतच द्यायला हवं होतं. आईच्या डोक्यात फरक पडला नव्हता. तिची पाळी जात होती आणि तिला कुणी विचारलं नाही. तुझंही तेच चाललंय. आणि माझंही तेच झालं होतं, एक्कावन्नाव्या वर्षी. मी काही दात आवळून काढलं नाही, ते मी तुला खोटं लिहिलं. मी दर पंधरा दिवसांनी नवीन कटिंगच्या क्लासला जाते असं भावोजींना सांगून दवाखान्यात जायची. डॉक्टरीणबाई माझ्याशी पाऊण तास बोलल्या. माझ्याशी! रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, रक्तदाब बघितला. म्हणाल्या, या वयात शरीरातली संप्रेरकं खालीवर होतात, त्यानं झोप, मन, सांधे, आठवण, सगळं हलतं. काहींना हे हलकं जातं, काहींना उभं आडवं करतं. त्यांनी औषध दिलं, झोपेची घडी पुन्हा कशी बसवायची ते शिकवलं, चार महिन्यांनी मी माणसांत आले. माझं औषध तुला चालेलच असं नाही, ते तुझी तपासणी करून डॉक्टरच ठरवतील.

मग तुला का सांगितलं नाही? माझं सांगितलं असतं तर आईचं सांगावं लागलं असतं. तू मला खमकी ताई समजतेस, ते मला हवं होतं. 'डॉक्टरकडे जाऊ नकोस' हे मी लिहिलं ते शहाणपणानं नाही, भीतीनं. माझ्या मनात डॉक्टर आला की त्याच्यामागून कडी येते. स्वतःसाठी ती भीती मी गिळली आणि तुझ्यासाठी मात्र पुढ्यात वाढली. चष्मेवालीच्या बोटांत माझा वाटा आहे. तिला हे सांग.

आता नीट ऐका. धाकटीनं मला लिहिलंय, 'माझ्यावाचून या सगळ्यांना बरंच पडेल.' तिनं ते शिवलेल्या पानात लिहिलं होतं आणि मी उघड्यावर आणतेय. तिनं मला आयुष्यभर माफ नाही केलं तरी चालेल. भिंगरी, रडायचं असेल तर आईला टेकून रड. आज तिला एकटीला झोपू देऊ नका. उद्या, परवा नाही उद्या, तिला डॉक्टरकडे न्या आणि हे वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा. 'थोडी चिडते, थोडी झोप कमी' असं गुळमुळीत नको.

धाकटे, माझ्याकडे यायचं असेल तर आत्ता भावोजींबरोबर निघ. खोली तुझीच आहे. पण कडी मी लावणार नाही. दुसऱ्यांदा नाही.

ताई


८ मार्च

ताई,

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वाचलं. आईंच्या खोलीचं आलं तिथे माझ्याकडून पुढे जाईना, तेव्हा भिंगरीनं कागद घेतला आणि पुढचं तिनं वाचलं. ही उठली नाही. टेबलाची कड धरून बसली होती. क्लासचं आलं तेव्हा भावोजी म्हणाले, 'म्हणजे ते ब्लाऊजचं नवीन कटिंग...?' मग ही हसायला लागली. हसता हसता तिचं रडण्यात कधी गेलं ते आम्हाला कळलं नाही. दोन तास रडली. आम्ही तिघं तिथेच होतो.

काल सकाळी दवाखान्यात गेलो. ते वाक्य मी सांगितलं. जसंच्या तसं, गुळमुळीत न करता. डॉक्टर बाईंनी मला बाहेर बसवलं आणि हिच्याशी तासभर बोलल्या. रक्त घेतलंय. दुसऱ्या एका डॉक्टरांकडेही, मनाच्या, पाठवलंय, तिथेही लगेच नेलं. औषध सुरू झालंय. रोज कुणीतरी बरोबर राहायचं असं सांगितलंय. मी रजा घेतलीय. भावोजी आणखी चार दिवस राहतो म्हणतात. ते आणि भिंगरी पत्ते खेळतात, दोघंही लबाडी करतात.

ती पानं मी कधी उसवली नाहीत. मला वाटायचं, तो तुमचा मान आहे. लिफ्ट बंद पडून आत माणूस अडकलं की आमचा पहिला नियम असा की हत्यारं नंतर काढायची, आधी बाहेरून बोलायला लागायचं आणि दार उघडेपर्यंत बोलणं तोडायचं नाही. नाहीतर आतला माणूस हबकतो. तेवीस वर्षं मी अनोळखी लोकांशी असा बोलतोय. घरात विचारलं, 'बरं नाही का?', ती म्हणाली 'दमलेय', आणि मी पेपर उघडला.

ती तुम्हाला लिहील की नाही ते मला सांगता येत नाही. तुमचं पत्र तिनं तिच्या पर्समध्ये ठेवलंय.

तुमचा
लिफ्टवाला


१४ एप्रिल

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही ते मुद्दाम. डॉक्टरनी नको म्हटलं म्हणून नाही आणि विसरले म्हणूनही नाही.

तब्येतीचं सांगते, तू विचारशीलच. आठवड्यातल्या तीन रात्री पाच-पाच तास झोप लागते. उरलेल्या रात्री पूर्वीसारख्याच, शेगडी, घाम, छत. फरक एवढाच की आता मी हाक मारते आणि लिफ्टवाले उठून बसतात. काही बोलायला सुचलं नाही तर ते मला लिफ्टचे भाग सांगतात. एकदा तोल सांभाळणाऱ्या वजनावर अर्धा तास बोलले, मी त्यातच झोपले. औषधाला अजून वेळ लागेल म्हणतात. मधले दहा दिवस फार वाईट गेले, ते तुला लिहिणार नाही. पण ते वाक्य आता रोज मनात येत नाही. येतं तेव्हा मी ते मोठ्यानं सांगते. भिंगरीला ते ऐकायला लागतं याची मला लाज वाटते, पण ती म्हणाली, 'तू नुसती गप्प बसायचीस ना, तेव्हा मला जास्त भीती वाटायची.'

मालकीणबाईंनी राजीनामा फाडला. पुढच्या सोमवारपासून अर्धा दिवस, फर्मे जुळवायच्या टेबलावर. मशीनवर नाही. मीच नको म्हटलं. चष्मेवालीला मी सगळं खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मला पंचेचाळिसावं चालू आहे, बाई. काय काय होतं ते सगळं नीट सांगून ठेवा.' दुपारच्या सुट्टीत बाकीच्या चौघीही डबे घेऊन जवळ सरकल्या. एकीनं विचारलं, घामाचं खरं का? दुसरीनं, रागाचं खरं का? अर्धा तास जेवण तसंच राहिलं.

आता तुझं.

मला तुझा राग आलाय. खूप. आधी मला कळेना की हा त्या आजारातला राग आहे की माझा. आजारातला राग येतो तेव्हा अंग पेटतं आणि समोर कोण आहे याचं भान नसतं. तुझ्यावरचा तसा नाही. तो भर दुपारी, अंग गार असताना, नीट झोप झालेली असतानाही असतो. तेव्हा तो माझा आहे. डॉक्टर म्हणाल्या, ओळखता आला हे चांगलं. तू माझ्या आईला चौदा महिने कोंडलंस. मग मला चाळीस वर्षं ताप सांगितलास. मी बुडत असताना पुन्हा ताप सांगितलास. आणि तूच मला बाहेर काढलंस. या सगळ्याचं काय करायचं ते मला समजत नाही, आणि माझ्या डोक्यात सध्या एवढं सगळं एका वेळी मावत नाही.

माफी मागणारं पत्र पाठवू नकोस. ती द्यायची ताकद आत्ता माझ्यात नाही, आणि उगाच दिली तर ती खोटी असेल.

मला दुसरंच हवंय. मी आता पहाटे जागी असले की त्या खोलीत असते. कडीच्या आतल्या बाजूला. माझ्यासारखीच भिजलेली, माझ्याच वयाची एक बाई तिथे बसलेली असते आणि ती काय बोलते ते मला ऐकू येत नाही. तेव्हा दाराबाहेर तू होतीस. आज त्यातलं कुणी उरलेलं नाही, एक तूच आहेस. ती आतून काय म्हणायची? हाका मारायची का? दारावर हात मारायची की गप्प असायची? तुला शिव्या द्यायची? मला भेटायला मागायची का? माझं नाव घ्यायची का?

सगळं लिही, गाळू नकोस, गोड करू नकोस. मला झेपेल का याची काळजी तू करू नकोस, ते बघायला इथे दोघं बसलेत. एका बैठकीत होणार नसेल तर आठवेल तेवढं लिहून पाठव, बाकीचं मागून.

पण लवकर लिही, ताई. मी वाट बघतेय.

धाकटी